‘हे कोणत्या सदरात घ्यायचं?’

सार्वजनिक बागेत मेटल डिटेक्टर फिरवायला परवानगी लागते, हे मला रखवालदाराने शिट्टी वाजवून सांगितलं. ती परवानगी द्यायची कोणी, हे मात्र पुढचे सात आठवडे पुण्यात मला कुणालाच सांगता आलं नाही.

झालं असं की सासूबाईंची मोत्याची कुडी हास्यक्लबात पडली. दोन्ही हात वर, मान मागे, पोटभर हसणं, आणि घरी येऊन बघतात तर उजवा कान मोकळा. फिरकी ढिली आहे हे त्यांना महिनाभर माहीत होतं, पण ते बोलायची सोय नाही. एका मित्राने हौसेने घेतलेलं मशीन त्याच्या माळ्यावर धूळ खात होतं. ते आणलं, हिरवळीवर धरलं, आणि शिट्टी. “काका, परवानगी आहे का?”

बाग ज्या कार्यालयाकडे आहे त्याचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, एकदा चहाही मिळाला. मी अर्ज नेला, विषय: ‘बागेत मेटल डिटेक्टर वापरण्यास परवानगी मिळणेबाबत’. आवक टेबलावरच्या मॅडमनी विषय वाचला, परत वाचला, मग कॉम्प्युटरवरची यादी खाली-वर केली. चित्रीकरण होतं, कार्यक्रम होता, फांद्या छाटणं होतं.

“हे कोणत्या सदरात घ्यायचं?”

“इतर?”

“इतर नाहीये.”

सदर नाही म्हणून आवक क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून पोच नाही, आणि पोच नाही म्हणजे मी तिथे गेलोच नव्हतो! दुसऱ्या खेपेला सुरक्षा विभागाकडे पाठवलं. त्यांनी ‘डिटेक्टर’ शब्द ऐकून विचारलं, कुठल्या कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला हवाय? तिथून पोलीस चौकी. चौकीवर म्हणाले, बाग त्यांची, परवानगीही त्यांचीच. बरोबरच होतं त्यांचं. परत आवक टेबल. मी म्हटलं, लोकसेवा हक्क कायदा आहे ना 2015 चा, मुदतीत उत्तर द्यावं लागतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तो अधिसूचित सेवांना. तुमची ही सेवाच नाहीये.” हेही बरोबर. त्या कार्यालयात सगळ्यांचं सगळं बरोबर होतं, फक्त माझं काम होत नव्हतं.

चौथ्या खेपेला साहेब भेटले. अर्ज वाचून चष्म्यावरून बघत म्हणाले, “गुप्तधन वगैरे काही नाही ना?” मी हसलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. हसण्यावारी नेलेला शब्द तिथे फायलीत गेला आणि पुढच्या खेपेला ‘मग कलेक्टर ऑफिसकडून आणा’ असं ऐकायला मिळालं. घरी येऊन 1878 चा निखात निधीचा कायदा वाचून काढला. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! कुडीची नुसती फिरकीसुद्धा त्यात येणार नाही. पण कायदा आहे दडलेल्या ठेव्याबद्दल. मागच्या महिन्यात हसताना पडलेल्या दागिन्याबद्दल नाही. तो छापून, खुणा करून नेला. साहेबांनी वाचला नाही, फायलीला लावला. फाईल जाड झाली हाच फायदा.

(हे वाचून कुणाला शनिवारवाड्याच्या किंवा पाताळेश्वराच्या आवारात मशीन न्यायची उबळ आली, तर कृपा करून नको. ती केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत, 1958 चा कायदा लागतो, तिथे परवानगीशिवाय उकरणं म्हणजे खरोखरचा गुन्हा. आणि शंभर वर्षं जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते, ती खिशात घालायची नसते.)

मग चिडून माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दोनच प्रश्न. बागेत मेटल डिटेक्टर वापरायला मनाई करणारा नियम कोणता? परवानगी देणारा अधिकारी कोण? तीस दिवसांची मुदत असते, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. दोन्हींपुढे एकच शब्द: निरंक. मला कोण आनंद! तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो. “साहेब, मनाई निरंक आहे.”

“परवानगीपण निरंकच आहे की.”

शेवटी जिन्यात एका तरुण क्लार्कने गाडी सोडवली. “काका, विषयात मशीनचं नाव घालूच नका. ‘हरवलेली वस्तू शोधणेबाबत’ लिहा, मी तक्रारीत घेतो.” तक्रार कुणाविरुद्ध, हे मी विचारलं नाही. हिरवळीविरुद्ध असेल. मशीनचा उल्लेख आत, तिसऱ्या परिच्छेदात केला. चार दिवसांत सही.

हो, एक राहिलंच. पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तू हरवल्याची नोंद घरबसल्या करता येते. ती पहिल्या दिवशी करा. मी पाचव्या आठवड्यात केली आणि ‘इतके दिवस काय करत होतात’ हे ऐकून घेतलं. सोबत उरलेल्या कुडीचा फोटो जोडा.

अटी अशा: बाग दुपारी बंद असते तेव्हा 11 ते 1, रखवालदार सोबत, खुरपं नाही, अन्य काही सापडल्यास कार्यालयात जमा. शिट्टीवाला रखवालदारच आला, आणि दहा मिनिटांत माझ्यापेक्षा त्यालाच जास्त उत्साह.

आदल्या रात्री गॅलरीत उरलेली कुडी मशीनच्या कॉइलखाली, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीखाली, सरकवून तिचा आवाज ऐकून ठेवला होता. हे जरूर करा. मोती मशीनला कळत नाही, कळते ती मधली सोन्याची तार, आणि तिचा आवाज जेमतेम, उंदराने चूं करावं तसा. अ‍ॅल्युमिनियमच्या चंदेरी कागदाचाही साधारण तसाच वाजतो, म्हणून तो कचरा गाळायचं बटण दाबलं की सोनंही गळतं. मी ते दाबलं नाही, आणि हास्यक्लबाची जागा असल्यामुळे गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे निघत राहिले. बीपीचे, शुगरचे. शिवाय बाटल्यांची झाकणं, एक केसांचा आकडा, आणि एक चवन्नी, जी 2011 पासून चलनातच नाही.

कुडी हसायच्या जागी नव्हतीच. पंधरा-वीस फुटांवर, सासूबाई जिथे बसून बूट घालतात त्या बाकाच्या पायाशी, गवताच्या मुळात होती. एक मोती निखळलेला, बाकी शाबूत. मी रखवालदाराचा हात इतक्या जोरात दाबला की तो ओरडला.

अटीप्रमाणे चवन्नी जमा करायला गेलो. मॅडमनी ती उलटसुलट करून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि यादी खाली-वर करायला लागल्या. मी चवन्नी उचलली आणि घरी आलो. सासूबाईंनी ती कुडीच्याच डबीत ठेवली आहे. फिरकी अजून बदललेली नाही.