अठराव्या वर्षाआधीचे सज्ञानपण

अल्पवयीन मुलाने कायद्याच्या मार्गाने आईवडिलांच्या ताब्यातून मोकळे व्हावे, या तरतुदीविषयी मी प्रथम वाचले तेव्हा छळ सोसणाऱ्या मुलांसाठी ठेवलेले ते एक दार असावे, असा माझा समज झाला होता. अटी वाचल्यावर तो टिकला नाही.

या तरतुदीचे नाव 'एमॅन्सिपेशन' रोमन कायद्यातून आले आहे. बापाने मुलाला तीनदा विकले, तर मुलगा त्याच्या सत्तेतून सुटतो, असा तिथे एक जुना नियम होता आणि पुढे त्याच नियमाच्या आधारे लुटुपुटीच्या तीन विक्र्या करून मुलाला मोकळे करण्याची रीत पडली. म्हणजे सुटका होती, पण बापाच्या मर्जीने. आजच्या फ्रान्समध्येही मूल 16 वर्षांचे झाल्यावर न्यायाधीश त्याला मुक्त करू शकतो, मात्र अर्ज सहसा आईवडिलांनी किंवा त्यांच्यापैकी एकाने करायचा असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मूल स्वतः अर्ज करू शकते. त्याला किमान 14 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, ते आईवडिलांच्या संमतीने किंवा निदान त्यांची हरकत नसताना स्वेच्छेने वेगळे राहत असावे लागते, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहत असावे लागते आणि त्याचे उत्पन्न गुन्ह्यातून आलेले नसावे लागते. थोडक्यात, जे मूल आधीच मोठ्या माणसासारखे जगत आहे, त्याच्याच जगण्यावर न्यायालय शिक्का उमटवते. ज्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याला घरातून निघताही येत नाही, त्याला या अटी पुऱ्या करणे जवळपास अशक्य आहे. त्याला बालसंरक्षण यंत्रणेकडेच जावे लागते.

मुक्त झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने करार करता येतो, वैद्यकीय उपचारांना संमती देता येते, वेगळे बिऱ्हाड थाटता येते. मतदानाची व मद्यपानाची वयोमर्यादा तीच राहते. याची किंमत मात्र मला मोठी वाटते, कारण आईवडिलांवरची निर्वाहाची जबाबदारी संपते आणि अल्पवयीन म्हणून केलेला करार नाकारण्याची जी सवलत एरवी मिळते, तीही जाते. पंधरा वर्षांच्या मुलाने घाईत केलेली सही मग त्याच्यावर पूर्णपणे बंधनकारक ठरते.

असे मूल पुढे निराधार झाले आणि त्याच्यापाशी पोट भरण्याचे साधन उरले नाही, तर मुक्ततेचा निर्णय रद्द करण्याची सोय कॅलिफोर्नियाने त्याच कायद्यात ठेवली आहे.