आमची वाटचाल : काटा आणि कुलूप

2009 ला मी आणि माझा पार्टनर, दोघांनी साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सुरू केलं, सगळं सी प्लस प्लसमधे. एक थ्रेड (प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा धागा) इंडिकेटरवरून, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्यावरून, वजन वाचणार, दुसरा पावती छापणार, दोघांत एकच स्ट्रक्चर, म्हणजे माहितीचा सामायिक कप्पा, त्यात गाडी नंबर आणि वजन. पाच हंगाम नीट गेले.

डिसेंबर 2014, रात्री पावणेतीनला फोन. बैलगाडीच्या पावतीवर 19 टन! आधीच्या ट्रॅक्टरचं वजन. नंबर नवा चढला होता, वजन अजून जुनंच, आणि छापणाऱ्या थ्रेडने नेमकं तेवढ्यात उचललं. ऑफिसात कितीही चालवा, होईना, लॉग टाकला (प्रोग्रॅमला पायरी पायरीची नोंद करायला लावली) की चूक गायब. पार्टनरने व्हॉलटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा शब्द) लावलं आणि 'झालं' म्हणाला. मी म्हटलं, अरे त्याचा थ्रेडशी काय संबंध, सी प्लस प्लसच्या 2011 च्या स्टँडर्डपासून डेटा रेस (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने लॉकशिवाय तोच डेटा वाचणं) म्हणजे सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर, काहीही होऊ शकतं. दोन दिवसांनी परत तेच. शेवटी थ्रेड सॅनिटायझर (अशा रेस पकडणारं टूल) लावला, पहिल्याच रनला कोडच्या दोन ओळी दाखवल्या. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, म्हणजे लॉक) होता हो आमच्याकडे, पण 'आधी लॉक घ्या' हे फक्त कमेंटमधे, आणि एका फंक्शनात आम्हीच विसरलेलो.

तोवर दुसऱ्या एका काटेवाल्याने 'यांचं काटामारीचं सॉफ्टवेअर' म्हणून गावभर केलं. महिन्याभरात तीन कारखाने गेले. काटामारी हा शब्द ऊसवाल्यासमोर काढायचा म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत होतं, मी ते अजून विसरलेलो नाही. पार्टनरही त्याच उन्हाळ्यात सोडून गेला.

राहिले ते एका कारखान्याचे काटा क्लार्क, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते पहिल्यापासून प्रत्येक पाळीला वजनं हाताने रजिस्टरमधे लिहायचे, त्यावरूनच कळलं की चुकलेल्या पावत्या एवढ्याच, बाकी सगळं बरोबर.

2017 ला सगळं रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिलं. तिथे डेटा म्यूटेक्सच्या पोटातच असतो, लॉक घेतल्याशिवाय हात लागतच नाही. आरसी (एकच डेटा अनेक ठिकाणी वापरायचा पॉइंटर, पण एकाच थ्रेडपुरता) दुसऱ्या थ्रेडला द्यायला गेलात तर कंपाइलच होत नाही, म्हणजे कोडचा प्रोग्रॅमच बनत नाही, आर्क (त्याचंच थ्रेडमधे वाटता येणारं रूप) घ्यावा लागतो. पहिला महिना पोरं वैतागली, पण जी भांडणं रात्री काट्यावर व्हायची ती आता दिवसा कंपाइलरशी होतात.

नव्यांना सांगतो, एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एकाच लॉकखाली ठेवा, नंबर आणि वजन वेगवेगळे लॉक केलेत तर रस्टही वाचवणार नाही. छापताना लॉक धरून बसू नका, कॉपी घ्या, लॉक सोडा, मग छापा. दोन लॉक लागलेच तर सगळीकडे त्याच क्रमाने घ्या, डेडलॉक (दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून बसणं) रस्टमधेही होतो.

नवं व्हर्जन लावलं तेव्हा भाऊ पूर्ण हंगाम रजिस्टर लिहीतच होते. गाळप संपल्यावर दोघं बसून एकेक पान पावत्यांशी ताडून पाहिलं. एकही फरक निघाला नाही, तेव्हा कुठे त्यांनी रजिस्टर लिहिणं बंद केलं.