खडखड्याचा ढीग : 66 अंश लागूनही काळी बुरशी उगवली, आणि ती कुठे दडली होती ते सापडलं

ज्वारीच्या खडखड्या रोगाची ताटं कंपोस्टच्या ढिगात घालून रोग मरतो का, हे मी बघते आहे. मागच्या नोंदीत ढिगाच्या पोटात 66 अंश लागल्याचं लिहिलं होतं. चाचणीसाठी पुरलेल्या जाळीच्या पिशव्या त्याच पोटातून काढल्या, फोडून आतले रोगट ताटांचे तुकडे ओल्या टिपकागदावर ठेवले आणि तीन-चार दिवसांत कागदावर काळे ठिपके पसरले. पिशव्या कडेच्या असत्या तर समजले असते, कारण कडेला पारा 45 च्या वर गेलाच नव्हता. पण या मधल्या होत्या. जिथे हात घातला तर चटका बसत होता, तिथल्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. रान मोहोळ तालुक्यातलं, कोरडवाहू, रब्बीला मालदांडी ज्वारी. दाणे भरायच्या वेळी ओल तुटली आणि ऊन चढलं की ताटं बुडातून लोळतात. लोळलेलं ताट उभं चिरलं की आतला भेंडाचा भाग विरून गेलेला, नुसते धागे उरलेले, आणि त्या धाग्यांवर कोळशाची पूड टाकल्यासारखे काळे कण. हे कण म्हणजे मॅक्रोफोमिना फॅजिओलिनाची सूक्ष्म बीजं, केसाच्या जाडीएवढी. कोरड्या जमिनीत ती वर्षानुवर्षं पडून राहतात. ही बुरशी पाचशेच्या वर वनस्पतींवर जगते. हरभऱ्याची कोरडी मूळकूज तिचीच, सोयाबीनची खोडकूजही तिची. म्हणजे ज्वारीनंतर हरभरा घेऊन सुटका होत नाही.

छापील सल्ला एकच असतो : रोगट अवशेष गोळा करून जाळा. आमचे तात्याही तेच म्हणतात, "काडी लाव आणि मोकळी हो." मला ते पटत नाही. या भागातल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच नावाला उरलाय. आणि जाळून वरची ताटं जातात, मुळांत आणि मातीत बसलेले कण तसेच राहतात. ढिगात ताटही रानाला परत मिळावं आणि कणही मरावेत, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता मूळ गोष्टीकडे.

मला आधी वाटलं, ही बुरशीच चिवट आहे, म्हणून हे असंच होणार. तसं वाटायला आधारही आहे. 2004 साली 'प्लांट पॅथॉलॉजी' या नियतकालिकात कंपोस्टमध्ये कोणते रोगजंतू मरतात याचा मोठा आढावा आला होता. तपासलेल्या 38 बुरशीवर्गीय रोगजंतूंपैकी 33 हे 64 ते 70 अंशांचा कमाल पारा आणि 21 दिवस मिळाले की जवळजवळ दिसेनासे झाले होते. जे हट्टी निघाले त्यांत कोबीवर्गीय पिकांचा मुळांच्या गाठींचा रोग, टोमॅटोची फ्युजॅरियम मर आणि आपली मॅक्रोफोमिना. 62 च्या वर पारा जाऊनही त्यातलं काही तगलं होतं. हे वाचून माझ्या ओळखीतल्या दोघांनी रोगट कडब्याचे ढीग बंदच केले.

मी मात्र पिशव्यांतले तुकडे पुन्हा पसरून बघत बसले आणि एक गोष्ट नजरेत भरली. सगळे तुकडे सारखे उगवले नव्हते. कुट्टीत फाटलेले, चेचलेले तुकडे स्वच्छ होते. काळे ठिपके होते ते दोन्ही टोकांना गाठ शाबूत राहिलेल्या कांड्यांवर. तसलं एक कांडं ढिगातून नुकतं काढलेलं होतं, बाहेरून चिंब, वाफाळणारं. ब्लेडने उभं चिरलं. आत कोरडं ठाक! भेंडाचा धागा बोटांत चुरला तर भुगा झाला.

ज्वारीच्या ताटाची साल मेणचट असते, गाठी पाणी आत जाऊ देत नाहीत. बाहेर 66 अंशांची वाफ आणि आत तेवढीच गरम पण कोरडी हवा. कोरड्या उष्णतेत कुठलीही बुरशी ओल्या उष्णतेपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखाली वाफ देणाऱ्या भांड्याच्या, वाफेत 121 अंशांना 15 मिनिटांत निर्जंतुकीकरण होतं, त्याच कामासाठी कोरड्या ओव्हनला 160 अंश आणि दोन तास लागतात. आपण ढिगाला ऑटोक्लेव्ह समजत होतो आणि कांड्याच्या आत ओव्हन चालू होता.

खात्री करायला साधा प्रयोग केला, तुम्हीही करू शकता. चांगला थर्मास घ्या, 60 अंशांचं पाणी भरा. काही कांडी उभी चिरून रात्रभर भिजवलेली, ती सरळ पाण्यात सोडा. तेवढीच कांडी कोरडी, न चिरता, घट्ट चेनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि त्याच पाण्यात बुडवा. मधूनमधून पाणी बदलून पारा 55 च्या खाली जाऊ देऊ नका. सकाळी दोन्ही टिपकागदावर. भिजलेल्यांवर एकही काळा ठिपका नाही, कोरड्यांवर भरपूर. एकच थर्मास, एकच पारा, एकच रात्र. हा निकाल बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडता येणार नाही, कारण दोन हंगाम ज्याला मी बुरशीचा चिवटपणा म्हणत होते त्यातला मोठा भाग नुसता कोरडेपणा होता.

टिपकागदाच्या चाचणीबद्दल विचारणा झाली होती म्हणून लिहिते. तुकडे एक टक्का हायपोक्लोराइटच्या पाण्यात मिनिटभर बुडवून उकळून गार केलेल्या पाण्याने धुते, नाहीतर ॲस्परजिलस ही काळी-हिरवी नेहमीची बुरशी सगळ्यावर चढते आणि काही कळत नाही. मॅक्रोफोमिनाला 30 ते 35 अंश आवडतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वेगळी उबवणपेटी लागत नाही. ॲस्परजिलसचे काळे डोके देठावर उभे असतात, हिचे कण कागदात रुतलेले, ओबडधोबड, देठाविना. स्वस्तातलं शंभरपट सूक्ष्मदर्शक पुरतं.

मग ताट फाडायचं कसं? इथे यंत्राचा प्रश्न येतो. कडबा कुट्टी यंत्र आडवं कापतं. पातं अगदी बारीक लावलं तरी गाठीचे तुकडे अखंड पडतात, आणि जनावरांसाठी ते ठीकच आहे. आपल्याला ताट उभं फाटायला हवं. हातोड्यांचं श्रेडर ते करतं, ताटाचा काथ्या करून टाकतं. गावातल्या बचत गटाकडचं भाड्याने आणलं. पण कोरडा रोगट कडबा त्यात घालू नका, काळी धूळ उडते आणि रोग अंगणभर पसरतो. आधी ताटं शेणकाल्यात रात्रभर बुडवायची, वर दगड ठेवायचा, मग फाडायची. तोंडाला मुसकं हवंच. खाली ताडपत्री, आणि काम झालं की हातोड्या धुऊन ते पाणी ढिगावरच ओतायचं.

थर्मामीटरबद्दलही एक सांगते. ऑनलाइन मागवलेल्या लांब दांड्याच्या दोन डायलमध्ये सहा अंशांचा फरक निघाला. 58 आणि 64 यांतला हा फरक आपल्या कामात जीवघेणा आहे. नवा डायल आला की बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का आणि उकळत्या पाण्यात कुठे थांबतो, हे पाहिल्याशिवाय त्याचा एकही आकडा वहीत लिहू नका.

आता नवा ढीग. कडबा फाडलेला आणि भिजलेला, कर्ब-नत्राचं प्रमाण सुधारायला कोंबडी खत आणि ताजं शेण, मुठीत दाबलं तर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा इतकी ओल. लांबी-रुंदी-उंची दीड मीटरच्या आसपास.

पण कडेचं काय? आतापर्यंत सगळा भर पलटीवर, म्हणजे ढीग उलथून कडेचा माल आत घालण्यावर होता. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात उघड्या ढिगासाठी 55 ते 77 अंश, 15 दिवस आणि किमान पाच पलट्या असं सांगितलंय. तो नियम मुख्यतः शेणखतातल्या, माणसाला बाधणाऱ्या जंतूंसाठी आहे. आपल्यासाठी हिशेब करा. समजा ढिगाचा 70 टक्के भाग नीट तापतो आणि 30 टक्के कडेला राहतो. पलटी अगदी नीट मिसळली असं धरलं तरी पाचही फेऱ्यांत कडेलाच राहिलेल्या मालाचं प्रमाण 0.24 टक्के येतं. ऐकायला किरकोळ. पण एका लोळलेल्या ताटात असे कण हजारोंनी असतात, आणि ढिगात ताटं किती!

म्हणून यावेळी रोगट मालाला कड ठेवलीच नाही. तळाला वीतभर निरोगी पाचट, मध्ये सगळा रोगट माल, आणि वरून-बाजूंनी गेल्या वर्षीच्या तयार कंपोस्टचं वीतभर जाड अस्तर, त्यावर ओलं गोणपाट. थंड पडणारी, वाळणारी कड आता तयार खताची. रोगट माल अस्तराला जिथे टेकतो तिथे दांडा खुपसला तर 57! त्याच जागी आधी 45 ची रड होती. आमच्याकडच्या मेच्या वाऱ्यात उघड्या ढिगाची वरची पापडी दुपारपर्यंत वाळून जाते, तेही अस्तरामुळे थांबलं. पलटी मारायच्या वेळी अस्तर वेगळं काढून पुन्हा चढवावं लागतं, काम वाढतं. माझ्या मते ते पूर्ण वसूल होतं.

नाडेप टाकी का नाही, असं एकाने विचारलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची ही पद्धत थोड्या शेणात भरपूर खत देणारी आहे आणि निरोगी काडीकचऱ्यासाठी मी तीच वापरते. पण त्यात दीड टन काडीकचऱ्याला जवळपास पावणेदोन टन माती पडते, आणि भिंतींना भोकं असतात. माती उष्णता पिते, भोकांतून ती जाते. रोगट मालासाठी तिचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालंय.

नव्या ढिगातल्या मधल्या पिशव्या स्वच्छ आल्या. अस्तराजवळच्याही. तळाच्या कोपऱ्यातली एक मात्र पुन्हा काळी! तिथे पाचटाखालची जमीन गार होती आणि पारा पन्नाशीच्या खालीच राहिला होता. मी तळाला आणखी जाड पाचट घालायचा बेत लिहायला घेतला होता, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलंय.

मॅक्रोफोमिनाची खरी ताकद कोरड्या मातीत आहे. सतत ओल्या मातीत तिचे कण सात-आठ आठवड्यांच्या पुढे सहसा टिकत नाहीत. म्हणजे उष्णतेच्या टप्प्यानंतर आपण ढीग वाळू देतो, चाळतो, पोत्यांत भरतो, तिथेच उरलेल्या कणांना जीवदान मिळतं. तर तो वाळवायचाच नाही. पारा उतरल्यावर दोन महिने ओला ठेवायचा, सावलीत, गोणपाटाखाली. रोगट बुरशीला मारणारी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीही तेव्हाच, पारा 40 च्या खाली आल्यावर. आधी टाकलं तर शिजून मरतं. आणि अगदी ताज्या, साखर-सेल्युलोज शिल्लक असलेल्या कंपोस्टमध्ये ते फुकटचं खाद्य खात बसतं, दुसऱ्या बुरशीवर तुटून पडत नाही. पाकीट घेताना निर्मितीची तारीख बघा. ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत पेशी असा दंडक लेबलवर असतो, पण उन्हात तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात त्या उरतात यावर माझा विश्वास नाही. मी यंदा परभणी कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण, मागवणार आहे.

दुसरं म्हणजे कोबी. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशातल्या शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत मोहरीवर्गीय अवशेष मातीत मिसळून, उन्हाळ्यात पाणी देऊन मॅक्रोफोमिना बरीच कमी केल्याचं काम झालंय. त्या पाल्यातून निघणारे तिखट वायू आणि ओली उष्णता एकमेकांना साथ देतात. आमच्याकडे मोहरी नाही, पण बाजार समितीत कोबी-फ्लॉवरचा पाला ट्रॉलीने फेकला जातो. तर तळाला पाचटाऐवजी हाच पाला दाबून बसवायचा, म्हणजे गार कोपऱ्यात पारा कमी पडला तरी वायू काम करतील. एक धोका आहे : पाला पाणी सोडतो आणि तळ कुजट होऊ शकतो. म्हणून त्यात तुरीच्या काड्या उभ्या खोचून हवा खेळती ठेवणार.

शेवटची चाचणी हरभऱ्यावर होईल. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत कोरड्या मूळकुजीसाठी रोपं ओल्या कागदाच्या घडीत 35 अंशांना ठेवून तपासतात. तीच पद्धत, फक्त बुरशीच्या द्रावणाऐवजी रोपांच्या मुळांना या कंपोस्टचा गाळलेला काला लावायचा, आणि शेजारच्या घडीत न तापवलेल्या रोगट भुग्याचा. कोबीचा पाला तळाला घालून कोणी ढीग केला असेल तर तळाचा पारा आणि वास कसा होता ते कळवा. सोमवारी पहिली ट्रॉली येते आहे.