ओर्हेईजवळच्या एका खेड्यात

आज वर्गमैत्रिणीच्या आजीकडे जाऊन आले. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ, तिथून मिनीबसने जेमतेम तासाभराचं अंतर, पण नळ घरात नाही. पाणी अंगणाबाहेरच्या विहिरीचं, संडास परसात. ‘युरोपात शिकतेय’ असं आपण अभिमानाने सांगतो, त्या युरोपात हेही घर आहे.

आजींचं उभं आयुष्य कोलखोजच्या, म्हणजे सोव्हिएत सामुदायिक शेतीच्या, द्राक्षमळ्यात गेलं. 1991 मध्ये मोल्दोव्हा स्वतंत्र झाला, पुढे कोलखोज मोडले आणि जमिनीचे लहान लहान तुकडे लोकांच्या हाती आले. ट्रॅक्टर नाही, भांडवल नाही, खात्रीचा बाजार नाही. मग तरुण माणसं निघाली. कुणी मॉस्कोला बांधकामावर, कुणी इटलीला. 2024 च्या जनगणनेत देशात जेमतेम 24 लाख माणसं उरली होती.

मैत्रिणीची आई इटलीत एका वृद्ध बाईची सेवा करते आणि तिची स्वतःची आई इथे एकटी! हे ऐकल्यापासून मला चैन नाही. याला कुणी कौतुकाने ‘परदेशातली कमाई’ म्हणू नये.

2021-22 मध्ये गॅस कडाडला, तेव्हापासून आजी हिवाळ्यात एकाच खोलीत राहतात. बाकीच्या बंद. शेगडीला लाकडं लागतात, ती पेन्शनमधून घ्यायची आणि औषधंही त्यातूनच. तरी आम्हाला पोटभर मामालिगा वाढली (मक्याच्या पिठाची उकड, वर चीज), निघताना अक्रोडांची पिशवीही दिली.

थंडीआधी लाकडं फोडून रचायला आम्ही काहीजण पुन्हा जाणार आहोत. किशिनाऊतल्या कुणाला यायचं असेल तर मेसेज करा.