सरांनी शीटला हात लावला नाही

आज लाइफ ड्रॉइंगच्या तासाला सर माझ्या मागे येऊन उभे राहिले, चष्मा वर केला, मॉडेल म्हणून बसलेल्या मावशींकडे बघितलं, मग माझ्या शीटकडे, "हं, बरोबर आहे" म्हणाले आणि पुढे गेले. बस एवढंच. माझ्याकडून चारकोल मागितला नाही, खांद्याजवळ ती त्यांची नेहमीची जाड रेघ मारली नाही, "उठ जरा" पण म्हणाले नाहीत. पुढे जाऊन वर्गातल्या नागपूरकरला डाँकीवरून (बसून ड्रॉइंग करायचा बाक) उठवलं, स्वतः बसले, आणि पोझ संपेपर्यंत तिथेच.

वाटलं होतं स्टेशन येईपर्यंत विसरून जाईन. गाडीत तेच, जेवताना तेच. आई म्हणाली चेहरा का उतरलाय, म्हटलं काही नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती बरोबर आहे म्हणालेत ना मग झालं तर, आणि त्यावर काय बोलायचं. पप्पा तर सध्या विषयच काढत नाहीत. असो.

खरं तर फर्स्ट इयरपासून मी याच गोष्टीसाठी धडपडतेय. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलवर अंगठा सरकवत डोक्याचं माप घ्यायचं आणि ते खाली मोजत जायचं. पुस्तकातला आदर्श माणूस आठ डोक्यांइतका उंच असतो, खरा माणूस साडेसातच्या आसपास, आणि आमच्या मावशी उभ्या राहिल्या तर सात पण धड भरत नाहीत. बाकीच्यांच्या शीटवर त्या हळूच उंच होतात, माझ्या शीटवर नाही होत. उभी पोझ असेल तर गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडायचा, ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्याजवळ तो आला पाहिजे, माझा येतो. कॉलरबोन, कमरेचं पुढचं हाड, खुबा, गुडघ्याची वाटी, सगळ्या खुणा आधी करून घेते. हे सगळं मी शिकलेय, कष्टानं शिकलेय, आणि याचा मला अभिमान आहे हे इथे तरी लिहायला हरकत नाही.

मग सर थांबले का नाहीत?

म्हणजे मला कौतुक हवं होतं असं नाही. (हवं होतं, पण ते सोडा.) सर ज्याच्या शीटवर रेघ मारतात तो आधी चिडतो, सगळेच चिडतो, कारण आपण जपून टोन लावलेला असतो आणि ते त्यावरून सरळ चारकोल फिरवतात. पण ती रेघ म्हणजे त्यांना तिथे काहीतरी दिसलंय, ते आपल्या कागदात शिरलेत. माझ्या कागदात आज त्यांना शिरावंसंच वाटलं नाही. दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय.

रेस्ट झाली तेव्हा सगळे चहाला गेले आणि मी नागपूरकरची शीट बघायला गेले, तो नव्हता तेव्हाच, उगाच काहीतरी बोलला असता. डावा हात चांगलाच लांब झालाय. डोकं लहान. चेहऱ्याला हातच लावलेला नाही. अशी शीट माझी असती तर मी फाडली असती. पण स्टुलाच्या कडेवर मावशींनी मागे टेकवलेला तो उजवा हात, त्याच्या मनगटाशी त्यानं चारकोल आडवा धरून इतका दाबलाय की कागदाचा दाणा बुजलाय, आणि तिथून वर खांदा कानाकडे ढकलला गेलाय, मान त्यात रुतलीय, पाठीला बाक आलाय, पोट मांडीवर आलंय. बाई बसलीय. दमून बसलीय. माझ्या शीटवर मावशी स्टुलावर आहेत, अगदी योग्य जागी आहेत, पण उचलून कुणी दुसरीकडे ठेवलं तरी काही फरक पडणार नाही.

मग लक्षात आलं की आम्ही दोघं वेगळ्या वेळेच्या मावशी काढत होतो. आमची पोझ वीस मिनिटांची, मग पाच मिनिटं रेस्ट, आणि परत तशीच बसता यावी म्हणून प्लॅटफॉर्मवर पावलांभोवती खडूनं आखून ठेवलेलं असतं. पावलं खडूत परत बरोब्बर बसतात. बाकीचं अंग बसत नाही. पहिल्या मिनिटाला मावशी ताठ असतात, पंधराव्या मिनिटाला उजवा खांदा वर आणि अख्खं धड डावीकडे खाली आलेलं असतं, हळूहळू, कळत पण नाही. मी पहिल्या मिनिटाला मापं घेते आणि मग उरलेला वेळ त्या मापांशी इमान राखते. अंग खचलं की मला ते पोझ बिघडल्यासारखं वाटतं, मी वाट बघते पुढच्या पोझची, परत ताठ बसतील म्हणून. आणि नागपूरकर त्या खचण्याचीच वाट बघत असतो.

यावरून गेल्या वर्षीची स्टडी टूर आठवली. अजिंठ्याला 16 नंबरच्या लेण्यात ती राजकन्या आहे ना, मरणोन्मुख राजकन्या म्हणतात ती, नंदाची बायको, नवरा भिक्षू झाल्याचं कळल्यावर कोसळलेली. टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं लक्ष बोटं आणि खांदे कसे काढलेत तिकडेच होतं. ग्रिफिथ्सनं तिच्याबद्दल लिहिलंय की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं याहून चांगलं ड्रॉइंग केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारानं याहून चांगला रंग लावला असता, पण यापेक्षा जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता. हा माणूस मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकवायचा, 1872 पासून 1885 पर्यंत तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं कॉपी करत होता, म्हणजे काटेकोर ड्रॉइंग काय असतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तरी तो तिच्यासमोर थांबला. परीक्षेसाठी ते वाक्य मी पाठ केलं होतं, मार्कही मिळाले. आज ते मला लागलं. तिची मान बघा कशी पडलीय, मागून धरलेलं असूनही अंग खाली जातंय. तिचा ओळंबा काढायला गेलं तर तो कुठेच येणार नाही, कारण ती पडतेय.

हे लिहीपर्यंत मला फक्त वाईट वाटत होतं, सर असे, सर तसे, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही वगैरे. आता तेवढं वाटत नाहीये. आधी सर माझ्या शीटवर रेघ मारू शकत होते कारण रेघेनं सुटणारा प्रश्न होता, हात लांब असेल तर आखूड करता येतो. माझ्या शीटवर आज त्यांनी कुठे मारली असती रेघ? जागाच नव्हती. यापुढचं बहुतेक कुणी माझ्या कागदावर येऊन काढून देणार नाही, आणि ते थोडं एकटं वाटणारं आहे, पण ठीक आहे, त्यात माझ्यावर राग असण्यासारखं काही नव्हतं. तरी एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं त्यांनी. हे मी मागे घेणार नाही.

निघताना मावशी साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या, तेव्हा विचारलं, मावशी या पोझमध्ये सगळ्यात आधी काय दुखतं? मला वाटलं हात म्हणतील. म्हणाल्या, "हाताला मुंग्या येतात गं, त्याचं काही नाही. डाव्या खुब्यात कळ येते, मग मी भार हातावर घेते, मग खांदा भरतो." हा सगळा क्रमच मला कुठल्या अ‍ॅनाटॉमीच्या तासाला कळला नव्हता. डावा खुबा मी खूण करून ठेवलाय, अगदी बरोबर जागी, पण तिथून काही सुरू होतंय हे माझ्या कागदावर नाही.

पोझ आठवडाभर हीच आहे. आजची शीट सबमिशनला राहू दे, तिला आता हात लावत नाही. उद्या न्यूजप्रिंट (सरावाचा स्वस्त कागद) घेऊन बसेन, पहिली दहाएक मिनिटं नुसतं बघेन, सरांना काय वाटायचं ते वाटो, आणि मग डाव्या खुब्यापासून सुरू करेन, डोकं शेवटी. न्यूजप्रिंट संपलाय, लवकर निघून आधी तो घ्यायला हवा. आणि नागपूरकरला विचारायचंय की मनगटापाशी त्यानं चारकोल कुठला वापरला, माझा इतका काळा होत नाही.