एचक्यू घटक कुठे घालायचे: सोलापूरच्या क्युलिनेरियनची नोंद

फायनल फँटसी चौदा या ऑनलाइन खेळात सध्या माझा मुक्काम क्युलिनेरियनवरच, म्हणजे स्वयंपाक्याच्या कामावरच आहे. भारतात या खेळाचं डेटा सेंटर नाही. सोलापुरातून जपानच्या सर्व्हरवर रेड (गटाने लढायची मोठी लढाई) खेळायची म्हणजे हल्ल्याची जागा दाखवणाऱ्या केशरी गोलातून बाहेर पडलो तरी मार बसतो. स्वयंपाकात तसं नाही. एक स्टेप झाली की पुढच्या स्टेपसाठी खेळ तुमची वाट बघत थांबतो, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंतचा उशीर) कितीही असू दे, पदार्थ बिघडत नाही. आपल्याकडच्या खेळाडूंनी क्राफ्टिंग मनावर घ्यावं, असं मला ठाम वाटतं ते यासाठीच.

आता मुद्द्याचं. आपल्या शेंगाचटणीत एक जरी खवट दाणा गेला तरी अख्खी चटणी वाया जाते. खेळात साधा घटक काहीच नासवत नाही. एचक्यू (हाय क्वालिटी, म्हणजे वरच्या प्रतीचे) घटक घातले की, पदार्थ एचक्यू होण्याची शक्यता ठरवणारी क्वालिटीची पट्टी शून्याऐवजी थोडी वरून सुरू होते, इतकंच. सगळं एचक्यू घातलं तरी पट्टी सुरुवातीलाच भरत नाही. उरलेलं हातानेच भरायचं.

शिवाय प्रत्येक घटकाचं वजन सारखं नसतं. ज्याची आयटम लेव्हल जास्त आणि नग जास्त, तो पट्टी जास्त उचलतो. वरच्या लेव्हलच्या पदार्थात मीठ एचक्यू घेतलं काय, साधं घेतलं काय, आकडा जेमतेम हलतो. तोच त्या लेव्हलचा महागाचा तयार घटक एचक्यू घातला की उडी दिसते. म्हणून क्राफ्टिंग लॉगमध्ये (कृतींच्या यादीत) मी एकेक घटक एचक्यू करून बघतो. सुरुवातीची क्वालिटी तिथे लगेच दिसते, आणि कुठे गिल (खेळातले पैसे) घालायचे ते दोन मिनिटांत कळतं. कृतीत लागणाऱ्या क्रिस्टलला एचक्यू हा प्रकारच नाही, त्यामुळे तिकडे बघायचं कारण नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये एंडवॉकर हा खेळाचा नवा विस्तार आला, तेव्हापासून खाणीतून, झाडांवरून किंवा मासेमारीतून एचक्यू माल निघणं बंद झालं. म्हणजे धान्य साधंच येणार, पीठ मात्र एचक्यू करता येतं. सगळा खेळ आता या मधल्या पायरीवर आला आहे: पीठ, लोणी, मीठ, आपण स्वतः बनवतो ते सगळं. मला हा बदल आवडला. बॅगेत एकाच गव्हाचे दोन ढीग राहत नाहीत, आणि पीठ नीट करणाऱ्याला किंमत येते.

एचक्यू घटकाने खरं वाचतं काय? सीपी (क्राफ्टिंगच्या कौशल्यांवर खर्च होणारे गुण) आणि ड्युरॅबिलिटी (पदार्थाचा टिकाव, तो संपला की काम थांबतं). क्वालिटी वाढवणाऱ्या कौशल्यांना टच म्हणतात; त्यातल्या बेसिक टचला १८ सीपी आणि १० ड्युरॅबिलिटी लागते. वरून सुरुवात झाली की असे काही टच गाळता येतात. पण इथे एक मेख आहे. सुरुवातीच्या क्वालिटीमुळे इनर क्वायटचे (टचची ताकद वाढवणारे) थर मिळत नाहीत, ते टच मारूनच जमवावे लागतात. आणि शेवटचा मोठा टच, बायरेगॉट्स ब्लेसिंग, त्या थरांवरच चालतो: १० थर असले की त्याची ताकद ३०० टक्के. त्याच्या आधी टचचा परिणाम वाढवणारे ग्रेट स्ट्राइड्स आणि इनोव्हेशन धरले तर तिन्ही मिळून ७४ सीपी. ही ७४ मी आधीच बाजूला काढतो, मग मधल्या टचांना किती उरतात ते बघून कोणता घटक एचक्यू घ्यायचा ते ठरवतो. पट्टी अर्धी भरली म्हणजे एचक्यूची शक्यताही निम्मी, असं नाही; ती शेवटच्या टप्प्यात झपाट्याने वाढते. म्हणून थोडक्यासाठी अडलेल्या पदार्थातच एचक्यू घटक सोनं ठरतो.

तुमच्यापेक्षा १० लेव्हल किंवा त्याहून खालची साधी कृती असेल तर हा हिशोबच नको. क्राफ्टर ८० चा झाला की ट्रेन्ड आय हे कौशल्य मिळतं. पहिल्याच स्टेपला २५० सीपी द्या, पट्टी पूर्ण. तिथे साधाच माल वापरावा.

विजापूर रोडचा मित्र लेव्हलिंगसाठी जेवण मागतो आणि वर म्हणतो, "भावा, एचक्यूच दे, एक्सपी जास्त येईल." नाही येत. जेवणाने एक्सपी (अनुभवाचे गुण) ३ टक्केच वाढतो, साधं असो वा एचक्यू, आणि दोन्ही ३० मिनिटंच टिकतात. फरक पडतो तो स्टॅटमध्ये (पात्राच्या ताकदीच्या आकड्यांत). लढाईच्या बऱ्याच पदार्थांत साध्याला ८ टक्के आणि एचक्यूला १० टक्के वाढ मिळते, आणि वरची मर्यादाही एचक्यूची जास्त. रेडवाल्याला ते हवंच. मित्राला मी लेव्हलिंगपुरतं साधं बनवून देतो, स्वस्तात.

आता झिंगा बिर्याणी करायला घेतली आहे. खेळातल्या राड्झ-ॲट-हान शहराच्या बाजाराचे ते रंग, ते मसाल्यांचं वातावरण बघितल्यापासून ती मनात होती. ट्रेन्ड आय न वापरता, टच मारूनच करणार आहे. प्रत्येक घटक आळीपाळीने एचक्यू करून किती सीपी वाचतो त्याचा तक्ता वहीत मांडतोय. पूर्ण झाला की मॅक्रोसकट (कौशल्यांची तयार क्रमवारी) पुढच्या नोंदीत टाकतो.