तुम्ही विचारलंत म्हणून: पूना हॉर्स पुण्याची का?

मी नगरचा (आता अहिल्यानगर). बाहेरगावचे पाहुणे आले की रणगाडा संग्रहालय दाखवायला नेतो आणि परत निघताना एक प्रश्न हमखास येतो: पूना हॉर्स या लष्कराच्या रणगाडा रेजिमेंटमध्ये घोडे नाहीत आणि सवारही बहुतेक राजस्थानकडचे, मग ती पुण्याची कशी?

सुरुवात 1817ची. जूनमधल्या पुण्याच्या तहात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावांच्या गळ्यात एक फौज बांधली. खर्चाला मुलूख पेशव्यांचा, हुकूम मात्र कंपनीचा. त्या फौजेतलं घोडदळ म्हणजे पूना ऑक्झिलरी हॉर्स. पाच महिने व्हायच्या आत खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि घोडदळ कंपनीकडेच राहिलं. पुढे शिरूरच्या छावणीत त्याचा दीर्घकाळ मुक्काम होता. तेव्हा त्यात दख्खनी मराठे होते, मुसलमान होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' ठरवल्या, भरती उत्तरेकडे सरकली आणि राजपुतांचं प्रमाण वाढलं. ही वर्गवारी मला अन्यायाचीच वाटते. ज्यांच्या घोड्यांनी अटकेपर्यंत धडक मारली, त्यांच्याच मुलखातल्या रेजिमेंटमध्ये त्यांना जागा उरली नाही.

रचनेत मात्र आपला ठसा बराच काळ टिकला. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. कंपनीच्या अनियमित घोडदळाने यातली शिलेदारीच उचलली. भरती होताना सवार घोडा घेऊन यायचा किंवा त्यापोटी ठरावीक रक्कम भरायचा. तिला असामी म्हणत. सरकार बंदूक आणि दारूगोळा द्यायचं. खोगीर, कपडे, दाणावैरण सारं पगारातून. घोडा मेला तर नवा उभा करायचीही सोय याच पैशांतून व्हायची. शांततेच्या काळात हे सरकारला स्वस्त पडलं. 1914 साली रेजिमेंट फ्रान्सला गेल्या आणि गणित कोलमडलं. फ्लँडर्सच्या चिखलात घोडे मरू लागल्यावर सवाराने नवा घोडा आणायचा कुठून? युद्धानंतर शिलेदारी बंद झाली. 1921च्या सुमारास 39 रेजिमेंटच्या 21 केल्या, त्यातच 33वी लाइट कॅव्हलरी आणि 34वी पूना हॉर्स एकत्र येऊन आजची 17 हॉर्स, म्हणजेच पूना हॉर्स, झाली.

घोड्यांचा निरोप 1938पासून. 1 मे रोजी सिंद हॉर्स या दुसऱ्या घोडदळ रेजिमेंटने घोडे सोडून हलके रणगाडे घेतले. तो दिवस आजही आर्मर्ड कोअर (चिलखती दल) दिन म्हणून पाळतात. फाळणीत या दलाच्या 18 रेजिमेंटपैकी 12 आपल्याकडे राहिल्या, 6 पाकिस्तानात गेल्या.

आता रचना बघा. ठरलेल्या मापाने रेजिमेंटमध्ये 45 रणगाडे. तीन रणगाड्यांचा एक ट्रूप, चार ट्रूप आणि स्क्वाड्रन मुख्यालयाचे दोन मिळून 14, असे तीन स्क्वाड्रन. उरलेले तीन रेजिमेंटच्या मुख्यालयाकडे. शिपायाला इथे सवार म्हणतात, वर दफेदार, त्यावर रिसालदार. सेंच्युरियन रणगाड्यात चौघे बसत: कमांडर, गनर, ड्रायव्हर आणि गोळे भरणारा, जो वायरलेसही सांभाळायचा.

कागदावरचे हे आकडे लढाईत किती वेळ टिकतात? 16 डिसेंबर 1971, बसंतर नदीच्या पलीकडे जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचा प्रतिहल्ला आला. समोर उभे राहायला पूना हॉर्सचे तीनच रणगाडे उरले होते. एकाला गोळा लागला, एकाची तोफ अडकली. तिसरा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता'. तो पेटला तेव्हा वायरलेसवर हुकूम आला, बाहेर पडा. तोफ अजून चालतेय, असं सांगून त्यांनी नकार दिला. 21 वर्षांचा तो मुलगा शेवटचा गोळा लागेपर्यंत लढत राहिला. परमवीर चक्र मिळालं. आणि त्यांचा जन्म पुण्याचा! त्याआधी 1965 साली याच रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांना फिल्लोराच्या लढाईसाठी परमवीर चक्र मिळालं होतं. त्यांची शाळा पुण्यातली. या दोन नावांपाशी मी पाहुण्यांना नेहमी थांबवतो.

'फामागुस्ता' आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. राजस्थानचा असो की पंजाबचा, चिलखती दलाचा नवा सवार प्रशिक्षणाला याच सेंटरमध्ये येतो. खारे कर्जुनेच्या के. के. रेंजवर त्यांचा गोळीबाराचा सराव चालतो. तेव्हा पूना हॉर्समध्ये महाराष्ट्र कुठे, असं कुणी विचारलं की मी पुण्याकडे नाही, नगरकडे बोट दाखवतो.